खुंटा, दावं आणि सातबारा

1 मार्च 2025 पासून बुलढाणा जिल्ह्यात 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम सुरू झाली. ज्या सातबाऱ्यांवर मयत खातेदारांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिली आहेत, तिथे वारसांची नावं लावायची, हे तिचं काम. महिनाभरात, 1 एप्रिलपासून, शासनाने ती राज्यभर लागू केली. मोहिमेचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण तिच्या मुळाशी असलेलं कोडं मात्र फारसं कोणी उलगडलं नाही. सातबारा संगणकात आहे. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो. गावात कोणी वारलं की ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते, दाखला मिळतो. म्हणजे माणूस गेल्याचं एका दप्तराला ठाऊक आहे आणि त्याच्या नावावर जमीन असल्याचं दुसऱ्या दप्तराला. मग दोन्हींची गाठ का पडत नाही? लोकांचा आळस, कचेरीची दिरंगाई ही उत्तरं लगेच सुचतात आणि त्यांत तथ्यही आहे. पण खरं कारण आणखी खाली, दप्तराच्या रचनेतच दडलेलं आहे. एका नोंदवहीतली ओळ दुसऱ्या नोंदवहीतल्या ओळीला कशाने बांधायची, हा तो प्रश्न. जगातल्या बहुतेक बँका, रेल्वे आरक्षण, रुग्णालयं ज्या प्रकारच्या माहितीसाठ्यावर चालतात, त्या रिलेशनल डेटाबेसचा हाच पाया आहे.

एकच मोठी वही का नको?

समजा, मेहकर तालुक्यातल्या एका गावात एका शेतकऱ्याचे तीन गट आहेत. एकात सोयाबीन, एकात कपाशी, तिसरा सामाईक. गावासाठी एकच मोठी वही ठेवली आणि प्रत्येक गटाच्या ओळीत शेतकऱ्याचं नाव, पत्ता, फोन, कर्ज, पीक असं सगळं लिहिलं, तर या माणसाचा पत्ता तीनदा लिहावा लागेल. फोन बदलला की तीन ठिकाणी खोडाखोड. दोन ठिकाणी बदल झाला आणि तिसरं राहून गेलं, की वही स्वतःशीच खोटं बोलू लागते, आणि कोणती ओळ खरी हे तिच्याकडून कळायला मार्ग नसतो. यावर उपाय एकच: एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची आणि बाकी सगळीकडून तिच्याकडे बोट दाखवायचं.

आपल्या महसुली दप्तराला हे संगणकाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. गाव नमुना 1 म्हणजे आकारबंद: जमीन किती आणि आकार किती. नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही: हक्क कसा आणि का बदलला. नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही. या दोघांचा जोड म्हणजे सातबारा. नमुना 8अ म्हणजे एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन. प्रत्येक वहीचं काम वेगळं, आणि त्यांना बांधणारे क्रमांक तीनच: गट क्रमांक, खाते क्रमांक, फेरफार क्रमांक. सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा कंसात दिसणारे आकडे पाहून अनेकांना ती कारकुनी सजावट वाटते. प्रत्यक्षात सगळं दप्तर त्या आकड्यांवर उभं आहे. डेटाबेसमध्ये अशा प्रत्येक वहीला तक्ता म्हणायचं, एका नोंदीला ओळ आणि उभ्या भागाला रकाना. इतकी परिभाषा आपल्याला पुरेल.

नावाला बांधलेली दावी सुटतात

एका तक्त्यातून दुसऱ्यातल्या ओळीकडे बोट दाखवायचं, तर ती ओळ निःसंशय ओळखता आली पाहिजे. नावाने ओळखू म्हटलं तर अडचण आपल्या दारातच उभी आहे. जिल्ह्याचंच नाव कोणी बुलडाणा लिहितं, कोणी बुलढाणा. माणसाला दोन्ही एकच. संगणकाला 'डा' आणि 'ढा' ही दोन वेगळी अक्षरं, म्हणून दोन वेगळे जिल्हे. उलट बाजूही तितकीच त्रासाची. जिजाऊंचं जन्मस्थान सिंदखेड राजा याच जिल्ह्यात, मोताळा तालुक्यातही सिंदखेड आहे, आणि धुळे जिल्ह्यात शिंदखेडा. जळगाव जामोद हा आपला तालुका, तर शेजारचा अख्खा जिल्हाच जळगाव. म्हणून 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याला 500 हा क्रमांक होता. 'डा' लिहा की 'ढा', 500 बदलत नाही. माणसांच्या नावांचं तर विचारूच नका: पांडुरंग, पांडूरंग, पाडुरंग, वडिलांचं नाव कधी पूर्ण, कधी एका अक्षरात, आडनाव कधी आधी, कधी शेवटी.

म्हणून प्रत्येक तक्त्यात ओळखीचा एक रकाना ठरवतात, त्याला प्रायमरी की म्हणतात. आपण त्याला खुंटा म्हणू. खुंट्याला तीन गुण लागतात: तो एकमेव असावा, तो कधी रिकामा नसावा आणि तो हलू नये. मंदिराबाहेर चप्पल ठेवल्यावर मिळणारा बिल्ला या तिन्ही कसोट्यांना उतरतो. बिल्ल्यावरचा 64 हा आकडा तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही, आणि म्हणूनच तो भरवशाचा. मोबाइल क्रमांक मात्र खुंटा म्हणून कच्चा, कारण तो बदलतो आणि घरात एकाच क्रमांकावर चौघांचं काम चालतं. गट क्रमांकही एकटा पुरत नाही. गट 112 प्रत्येक गावात असू शकतो, म्हणून गावाचा संकेतांक आणि गट क्रमांक मिळून एक जोडखुंटा करावा लागतो. त्यातही वाटणी होऊन 112 चे 112/1 आणि 112/2 झाले, की जुन्या क्रमांकाला बांधलेली कर्जाची नोंद नेमकी कुठल्या हिश्श्यावर जाणार हा प्रश्न उभा राहतोच. ज्या आकड्याला अर्थ चिकटलेला असतो, तो अर्थाबरोबर हलतो. म्हणून अनुभवी रचनाकार आतून एक निरर्थक क्रमांक देतात आणि गट क्रमांक हा त्या ओळीचा फक्त एक गुण म्हणून ठेवतात.

दावं म्हणजे फॉरेन की

1970 साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या ई. एफ. कॉड या गणितज्ञाने एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांमधली नाती त्यांतल्या मूल्यांनीच दाखवावीत, असं त्याने मांडलं. प्रायमरी की आणि फॉरेन की हे शब्द त्याच निबंधातले. या कामासाठी 1981 साली त्याला संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. फॉरेन की म्हणजे एका तक्त्यातला असा रकाना, ज्यात दुसऱ्या तक्त्यातल्या खुंट्याचा क्रमांक लिहिलेला असतो. आपल्या भाषेत, दावं.

आता दावं नुसतं असणं आणि ते डेटाबेसने राखणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि या लेखाचा सगळा भर त्या फरकावर आहे. रकान्यात कोणीही कोणताही आकडा लिहू शकतो. पण 'हा रकाना फॉरेन की आहे' असं डेटाबेसला एकदा जाहीर केलं, की तो दोन्ही टोकांना पहारा बसवतो. गावच्या सेवा सहकारी संस्थेचं उदाहरण घेऊ. सभासद तक्ता आणि कर्ज तक्ता असे दोन तक्ते आहेत. कर्जाच्या ओळीत सभासद क्रमांक 214 लिहिला, पण सभासद तक्त्यात 214 नाहीच, तर डेटाबेस ती ओळ घेतच नाही: खुंटा नसताना दावं कुठे बांधता? म्हणजे आधी सभासद, मग कर्ज, हा क्रम आपोआप पाळला जातो. दावं सोडलेलं मात्र चालतं. एखाद्या गटावर बोजा नसेल तर त्याच्या ओळीतला कर्ज क्रमांकाचा रकाना रिकामा राहू शकतो. रिकामं असणं वेगळं आणि नसलेल्या खुंट्याला बांधलेलं असणं वेगळं.

खरी कसोटी लागते ती खुंटा उपटताना. सभासद 214 ची ओळ काढून टाकायची आहे आणि त्याला तीन कर्जं बांधलेली आहेत. काय करायचं? पहिला मार्ग, नकार: आधी दावी सोडा, मग खुंटा उपटा. दुसरा, सोबत नेणे: खुंट्याबरोबर बांधलेली जनावरंही जातात, म्हणजे सभासदाबरोबर कर्जाच्या नोंदीही पुसल्या जातात. तिसरा, मोकळं करणे: कर्जं राहतात, पण सभासद क्रमांकाचा रकाना रिकामा होतो. यातला दुसरा मार्ग फार सोयीचा वाटतो आणि म्हणूनच फार धोक्याचा आहे. एका ओळीच्या आज्ञेने चार तक्त्यांतल्या हजारो ओळी निघून जातात आणि डेटाबेस एक अक्षर बोलत नाही, कारण तुम्हीच तसं सांगून ठेवलेलं असतं. ज्या नोंदी मूळ ओळीशिवाय निरर्थकच आहेत, उदाहरणार्थ एका पावतीतल्या बाबी, तिथेच तो वापरावा. पैसा, जमीन, माणूस यांच्या बाबतीत नकारच योग्य. महसुली दप्तर तर याच्याही पुढे गेलेलं आहे: तिथे उपटणं नाहीच. हक्क बदलला की जुन्या नावाला कंस होतो, नवं नाव खाली येतं, शेजारी फेरफार क्रमांक येतो. जुनी ओळ वाचता येते, फक्त ती चालू राहत नाही.

> थोडक्यात शब्दार्थ
> तक्ता: एका प्रकारच्या नोंदींची वही. जसे, खातेदार, गट, कर्ज.
> प्रायमरी की (खुंटा): ओळ ओळखणारा एकमेव, न बदलणारा क्रमांक.
> फॉरेन की (दावं): दुसऱ्या तक्त्यातल्या खुंट्याचा इथे लिहिलेला क्रमांक, ज्याचा खरेपणा डेटाबेस प्रत्येक वेळी तपासतो.
> अनाथ ओळ: जिच्या दाव्याला खुंटाच उरलेला नाही अशी नोंद.
> जोडतक्ता: 'अनेकांचे अनेक' असं नातं सांभाळणारा मधला तक्ता.

एका गटाचे अनेक मालक, एका मालकाचे अनेक गट

एका खातेदाराला अनेक कर्जं, हे नातं सरळ आहे. प्रत्येक कर्जाच्या ओळीत एक दावं पुरतं. जमिनीचं तसं नाही. एका खातेदाराचे अनेक गट असतात आणि एका गटात चार भावांचे हिस्से असतात. गटाच्या ओळीत खातेदाराचा क्रमांक लिहावा, तर एकच मावतो; 'मालक 1, मालक 2, मालक 3' असे रकाने वाढवावेत, तर चौथा वारस आला की वही फाटते. अशा वेळी मध्ये तिसरा तक्ता घालतात. त्याच्या प्रत्येक ओळीत दोन दावी: एक गटाला, एक खात्याला, आणि सोबत त्या जोडीचीच माहिती, म्हणजे हिस्सा आणि क्षेत्र. हिस्सा हा ना गटाचा गुण आहे, ना माणसाचा; तो दोघांमधल्या नात्याचा गुण आहे. नमुना 7 वर खाते क्रमांकासमोर जे क्षेत्र लिहिलेलं दिसतं ते नेमकं हेच.

हा मधला तक्ता नीट बांधला, की एक मोठा लाभ पदरात पडतो. तो गटाकडून वाचला तर सातबारा तयार होतो, खात्याकडून वाचला तर 8अ. कागदी काळात तलाठ्याला दोन्ही हाताने लिहावे लागत. एकीकडे बदल व्हायचा, दुसरीकडे राहून जायचा, आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र 8अ शी जुळत नाही म्हणून शेतकरी तहसीलच्या पायऱ्या झिजवायचा. जे दुसऱ्या नोंदीतून काढता येतं ते वेगळं लिहून ठेवायचं नाही, हा डेटाबेसचा नियम कोरडा वाटतो. पण त्याच्या अभावी किती चपला झिजल्या, हे जमिनीचे कागद हाताळणाऱ्या कोणालाही विचारावं.

आक्षेप: पहारा हवाच कशाला?

डेटाबेस बांधणाऱ्यांमध्येच या पहाऱ्याला विरोध करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. पहिला मुद्दा वेगाचा. प्रत्येक नोंदीला दुसऱ्या तक्त्यात जाऊन पाहायचं म्हणजे वेळ जातो. खरं आहे, पण तो बहुतेकदा नगण्य असतो, कारण खुंट्यांची सूची डेटाबेसने आधीच करून ठेवलेली असते. हळूपणा जाणवतो तो उलट दिशेने. खुंटा काढताना 'याला कोण बांधलेलं आहे' हे शोधायला दाव्याच्या रकान्यावरही सूची लागते, आणि पोस्टग्रेससारखे डेटाबेस ती आपोआप करत नाहीत. सूची न करता पहाऱ्याला दोष देणं म्हणजे घड्याळाला चावी न देता ते मागे पडतं म्हणणं.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार: तपासणी आमचं अ‍ॅप करतंच, मग डेटाबेसने पुन्हा कशाला? उत्तर असं की अ‍ॅप एक नसतं. आज मोबाइलवरून नोंद होते, उद्या संकेतस्थळावरून, परवा कोणी एक्सेलची फाइल थेट चढवतं, आणि एखाद्या रात्री घाईत कोणीतरी हाताने दुरुस्ती करतं. चार दारांपैकी तीनवर राखणदार असेल तर चोर चौथ्यातून येतो. धान्याचं कोठार एकच असतं; पहारा कोठारावर ठेवावा. शिवाय 'पहारा आहे' या समजुतीचीही खात्री करून घ्यावी लागते. मायएसक्यूएल या डेटाबेसची मायआयसॅम ही जुनी साठवण-पद्धत फॉरेन कीची घोषणा मुकाट्याने स्वीकारायची आणि पाळायची मात्र नाही. जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असलेल्या एसक्यूलाइटमध्ये तर ही तपासणी मुळात बंदच असते, ती मुद्दाम चालू करावी लागते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: जुना डेटा इतका गढूळ आहे की आज नियम लावला तर कामच थांबेल. हेही खरं. नियम लावताना डेटाबेस आधी सगळ्या जुन्या ओळी पाहतो आणि एकही अनाथ ओळ सापडली तरी नियम लावायला नकार देतो. पण म्हणून नियमच नको, हा निष्कर्ष चुकीचा आहे. कर्ज तक्त्यातले असे सभासद क्रमांक काढा जे सभासद तक्त्यात नाहीत. ही यादीच मुळात मोलाची आहे, कारण आजवर ती कोणाला दिसतच नव्हती. पोस्टग्रेसमध्ये तर असंही सांगता येतं की आजपासून येणाऱ्या नोंदींना नियम लागू, जुन्यांची तपासणी नंतर. गळकी टाकी रिकामी करायच्या आधी निदान नवं छिद्र तरी पडू देऊ नये.

दावं शाबूत, खातेदार मयत

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. मयत खातेदाराचं नाव सातबाऱ्यावर राहतं तेव्हा कोणती फॉरेन की तुटलेली असते? एकही नाही. खात्याची ओळ आहे, गटाकडून तिला दावं आहे, फेरफार क्रमांकही जागेवर आहे. डेटाबेसच्या दृष्टीने सगळं ठीक. फॉरेन की एवढंच सांगते की जिकडे बोट दाखवलं आहे तिथे ओळ आहे. ती ओळ आजही खरी आहे का, हे ती सांगत नाही. या शास्त्राबद्दल बोलताना ही मर्यादा स्पष्ट सांगितली नाही, तर लोकांचा भलताच समज होतो.

ओळीचा खरेपणा राखण्यासाठी दप्तराने फेरफाराची व्यवस्था केलेली आहे. नमुना 7 वरचं नाव बदलायचं तर आधी नमुना 6 मध्ये कारण नोंदवलं पाहिजे, हितसंबंधितांना नोटीस गेली पाहिजे, हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत चढली पाहिजे आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली पाहिजे. हे सगळं सुरू व्हायला मात्र बाहेरून एक बातमी लागते: खातेदार वारला. ती बातमी ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत असते. दोन तक्ते समोरासमोर आहेत, पण त्यांच्यात समान खुंटा नाही. मृत्यू नोंदवहीत नाव आहे, खात्यावर नाव आहे, आणि नावाची गत आपण वर पाहिली. खाते क्रमांकही गावापुरताच असतो. एकाच माणसाची जमीन चिखली आणि देऊळगाव राजा तालुक्यांतल्या दोन गावांत असेल तर त्याची दोन खाती, आणि ती दोन्ही एकाच माणसाची आहेत हे त्या क्रमांकांवरून कळत नाही.

जिथे समान खुंटा नसतो तिथे जोडणी करू शकतो तो गाव ओळखणारा माणूसच. म्हणून मोहिमेची पहिली पायरी होती चावडी वाचन: नावं मोठ्याने वाचायची आणि गावाने सांगायचं की हा गेला. मग मृत्यूचा दाखला, वारसांबाबतचं स्वयंघोषणापत्र, सरपंच किंवा पोलीस पाटलाचा दाखला, तलाठ्याची स्थानिक चौकशी, वारस ठराव, आणि शेवटी ई-फेरफार प्रणालीत नोंद. वरवर पाहता ही जुन्या धाटणीची कागदपत्रं वाटतात. पण तक्त्यांच्या भाषेत पाहिलं तर मृत्यूच्या एका ओळीला खात्याच्या एका ओळीशी हाताने, साक्षीदारांसह, बांधण्याचं हे काम आहे. संगणक ते करू शकला नसता, आणि नाव जुळलं म्हणून त्याने परस्पर केलं असतं तर एखाद्या जिवंत पांडुरंगाची जमीन भलत्याच वारसांकडे गेली असती.

शेतकरी ओळख क्रमांक हा गावोगावच्या खात्यांना माणसाशी बांधणारा समान खुंटा व्हावा, असा आता प्रयत्न आहे. तो हवाच होता. मात्र नव्या क्रमांकाला जुनं खातं बांधताना झालेली चूक दिसून येत नाही. दावं घट्ट असतं, फक्त चुकीच्या खुंट्याला. तुटलेलं दावं तपासणीत सापडतं, चुकीचं बांधलेलं सापडत नाही. म्हणून बांधण्याच्या त्या एका क्षणी जितका वेळ द्यावा तितका थोडाच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. तोवर तिच्यावरून पीककर्ज मिळतं किंवा अडतं, विमा मंजूर होतो किंवा परत जातो.

याच अधिनियमाच्या कलम 149 प्रमाणे वारसाहक्काने जमीन मिळाली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. तोंडी किंवा लेखी. तुमच्या घरचा सातबारा आणि 8अ काढा, शेजारी ठेवा, खाते क्रमांक आणि क्षेत्र ताडून पाहा. त्यावर आजोबांचं नाव अजून असेल, तर मोहिमेची वाट न पाहता त्यांचा मृत्यूचा दाखला घेऊन जा आणि वारस नोंदीचा अर्ज द्या.